गल्लीतलं पाणी गल्लीतच: पुण्यातल्या सहकारनगरच्या बंगला सोसायटीतल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

पावसाचं पाणी गल्लीतच अडवायचं आहे, त्यासाठीची मापं घेऊन झाली. गल्ली १५० मीटर लांब, ६ मीटर रुंद, तळजाईच्या टेकडीकडून खाली उतरणारी. दोन्ही बाजूंना मिळून १४ प्लॉट, १ नंबर सगळ्यात वर, १४ नंबर सगळ्यात खाली. पानशेतच्या पुरानंतर (१२ जुलै १९६१) या भागात पूरग्रस्तांच्या ज्या सहकारी गृहरचना संस्था झाल्या, त्यांपैकीच ही एक. तेव्हा घर एक तृतीयांश जागेवर आणि बाकी मोकळं असा हिशेब होता. कागदावर वस्ती आजही विरळ आहे, पण मोकळी जागा मातीची राहिलेली नाही. कुठे शहाबादी, कुठे कोबा, कुठे गट्टू. मोटारी आल्या, चिखल नको झाला, कामवाल्या मावशींना झाडायला सोपं पडावं म्हणून सिमेंट झालं. प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी बरोबर आहे. चौदा घरांनी तेच केलं की काय होतं, ते मोजायचं होतं.

छत सरासरी १२० चौरस मीटर, फरसबंद अंगण जवळपास तेवढंच, आणि ९०० चौरस मीटर रस्ता. एकूण ४,२६० चौरस मीटर जागा अशी की जिच्यात पाण्याचा थेंब मुरत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. २५ मिलिमीटरची एक जोरदार सर आली की १,०६,५०० लिटर पाणी गल्लीतून खाली जातं. दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि थोडं वर. एप्रिल-मे महिन्यांत याच गल्लीत टँकर विकत घेतले जातात.

हे पाणी पुढे आंबिल ओढ्याला मिळतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात काय केलं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. माणसं गेली, घरं गेली. ओढ्यावरची अतिक्रमणं, बुजलेलं पात्र, हे सगळं खरंच आहे. पण उतारावरच्या गल्ल्यांनी आपलं पाणी एकाच वेळी खाली सोडलं, हेही खरं आहे. आपल्या हातात तेवढंच आहे, म्हणून तिथून सुरुवात.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर बैठक घेतली. कमिटीकडे आधीपासून एक प्रस्ताव होता: सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर एक मोठा शोषखड्डा आणि बोअर पुनर्भरण, शेजारी बाग, बाक, पाटी. ठेकेदाराचं कोटेशनही आलेलं होतं, १ लाख ९० हजारांचं.

नकाशा भिंतीवर लावला आणि मोकळा प्लॉट कुठे आहे ते दाखवलं. तो गल्लीच्या वरच्या टोकाला आहे, १ नंबरच्याही वर. ज्या चौदा घरांचं पाणी अडवायचं, त्यांपैकी एकाही घराचं पाणी तिथे पोचत नाही. जुन्या आराखड्यांमध्ये असं सर्रास दिसतं. घरं बांधायला अवघड, वाकडातिकडा, खडकाळ तुकडा ‘ओपन स्पेस’ म्हणून सोडून द्यायचा. आपल्या सोसायटीत काही करणार असाल तर खर्चाआधी हे एवढं पाहा: मोकळा प्लॉट उताराच्या कुठल्या टोकाला आहे.

प्रस्ताव बाजूला ठेवला. त्या प्लॉटचा उपयोग फक्त टेकडीवरून येणारं पाणी अडवायला, आडव्या समतल चरांसाठी. घरांचं पाणी घरातच अडवावं लागणार. म्हणजे एका कामाची चौदा कामं झाली, आणि चौदा कुटुंबांचा होकार लागणार.

आक्षेप आले ते असे: गाडी कुठे लावायची, डास होतील, साप येतील, पायाला ओल लागेल, माळ्याचा खर्च कोण देणार. पायाच्या ओलीचा आणि डासांचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटला. त्या दोन्हींची उत्तरं काम सुरू होण्याआधी हवीत.

९ फेब्रुवारी

मिस्त्रींबरोबर लेव्हल पाइप (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन प्रत्येक गेटची आणि त्यासमोरच्या रस्त्याची पातळी घेतली. गल्लीचा ढाळ दीडशे मीटरला साधारण सहा मीटर.

एक गोष्ट नकाशात दिसली नव्हती. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर आणि शेवटी काँक्रीट चढत गेल्यामुळे रस्ता वर आला आहे. वरच्या सात घरांचं अंगण अजून रस्त्याच्या वर आहे. त्यांचं पाणी गेटमधून रस्त्यावर येतं. खालच्या प्लॉट ११ ते १४ चं अंगण रस्त्यापेक्षा खाली गेलं आहे, म्हणून रस्त्याचं पाणी त्यांच्या गेटमधून आत जातं. १४ नंबरच्या काकू दर पावसाळ्यात गेटला फळी आणि चिखल लावतात. वरच्यांना त्रास नाही म्हणून वरचे तयार नाहीत, आणि खालच्यांनी स्वतःच्या घरात काहीही केलं तरी त्यांचा त्रास कमी होणार नाही. आराखडा इथे ठरला: सुरुवात वरून, आणि खर्चात वाटा सगळ्यांचा. खालच्या चार घरांनी वरच्या घरांतल्या कामाला पैसे द्यायचे. हे पटवायला बराच वेळ गेला. १४ नंबरच्या काकूंनी सगळ्यांत आधी होकार दिला, आणि त्यानंतरच वरच्यांनी ऐकून घ्यायला सुरुवात केली.

रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे, त्याला हात लावायचा नाही असंही ठरवलं. जे करायचं ते गेटच्या आत.

२३ फेब्रुवारी

मुरण-चाचण्या. आठ प्लॉटांत समोरच्या मार्जिनमध्ये (घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेत) दोन फूट खोल खड्डा घेतला, आदल्या रात्री पाणी भरून माती भिजवली, सकाळी पुन्हा एक फूट पाणी भरून पट्टी लावून बसलो. आदल्या रात्रीचं भिजवणं टाळू नका, कोरडी जमीन पहिलं पाणी पटकन ओढून घेते आणि आकडा खोटा येतो.

प्लॉट १, २, ४, ५: दीड फुटाखाली पिवळा मुरूम. फूटभर पाणी दीड-पावणेदोन तासांत गेलं. उत्तम.

प्लॉट ७: पहार खणकन वाजली. काळा पाषाण, वर जेमतेम एक वीत माती. पाणी संध्याकाळपर्यंत होतं तसंच. ज्या घराचं अंगण सगळ्यांत मोठं आणि मालक सगळ्यांत उत्साही, तिथेच खडक निघाला.

प्लॉट ९: वर भराव, त्यात विटांचे तुकडे, राडारोडा. पाणी झपकन गेलं, पण कुठे गेलं ते कळेना. दोन तासांनी शेजारच्या पायाशी ओल दिसली. रद्द.

प्लॉट १२ आणि १४: काळी चिकण माती चार फुटांपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक.

पुण्याखालचा बेसॉल्ट असा आहे की दहा पावलांवर जमीन बदलते. कुठे कुजलेला मुरूम, कुठे भेगांचा खडक, कुठे एकसंध पाषाण. म्हणून एकच आराखडा चौदा घरांना लावता येत नाही. बाजारात मिळणारे तयार ‘पर्कोलेशन पिट’ (पाणी मुरवायचे खड्डे) एका मापाचे असतात, ते काळ्या मातीत टाकले की डासांची टाकी तयार होते. चाचणीला खर्च मजुरीचाच, खड्ड्यामागे ६०० रुपये. यानंतरचे हजारो रुपये या सहाशेंमुळे वाचले.

२ मार्च

चाचण्यांवरून नियम ठरवून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले. जसेच्या तसे इथे:

पाणी मुरवायचं ते घराच्या पायापासून किमान १० फूट लांब. साइड मार्जिन आमच्याकडे पाच ते आठ फूट, त्यामुळे तिथे मुरवणं बंद. साइड मार्जिनमधून पाणी फक्त पुढे न्यायचं, उथळ पन्हळीतून. मुरवायचं समोरच्या मार्जिनमध्ये.

समोर जमिनीखालचा हौद आहे, जवळजवळ प्रत्येक घरी. त्याच्यापासूनही १० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जुन्या हौदांना बारीक चिरा असतात. आपण मुरवलेलं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं तर सगळं काम वाया, आणि कोणी आजारी पडलं तर पुढच्या दहा वर्षांत कोणी असल्या कामाला हात लावणार नाही.

छताचं पाणी वेगळं, अंगणाचं वेगळं. गाडी उभी राहते तिथलं तेलकट पाणी बोअरकडे मुळीच न्यायचं नाही. ते वाफ्यातल्या मातीतून आणि मुळांतूनच जाऊ द्यायचं.

खडक किंवा चिकण माती असेल तिथे मुरवण्याचा हट्ट सोडायचा. तिथे उथळ, झाडं लावलेली पन्हळ, पाणी थोडा वेळ रोखून सावकाश पावसाळी गटारात सोडणारी.

हे नियम लावल्यावर समोरच्या मार्जिनमध्ये प्रत्येक घरी साधारण ६ मीटर बाय दीड मीटरची पट्टी उरते. गेटच्या एका बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून. गाडीला अडचण होत नाही, हे खडूने आखून आणि प्रत्यक्ष गाडी लावून दाखवलं. त्या एका प्रात्यक्षिकावर चार घरं तयार झाली. एकूण होकार नऊ: सहा मुरवणीचे वाफे (प्लॉट १, २, ४, ५, ६, ८) आणि तीन उथळ पन्हळी (७, १२, १४).

१६ मार्च

प्लॉट ४ पासून सुरुवात. ब्रेकरने कोबा फोडताना खालचा जुना ड्रेनेजचा पाइप फुटला. चिनीमातीचा, पन्नासेक वर्षांचा, आणि घराच्या मंजूर नकाशात दाखवलाय त्यापेक्षा चार फूट अलीकडे. घाण पाणी खड्ड्यात भरलं. त्या घरात आजोबा आजारी होते, दोन दिवस त्यांना शेजारच्या बाथरूमवर जावं लागलं. प्लंबर, नवा पीव्हीसी पाइप, चेंबरची दुरुस्ती मिळून ११,५०० रुपये. काम आठवडाभर थांबलं.

आता पद्धत अशी: खोदकामाआधी सगळी चेंबरची झाकणं उघडायची, घरातल्या प्रत्येक नळातून आळीपाळीने पाणी सोडायचं आणि कुठलं पाणी कुठल्या चेंबरला येतं ते बघून जमिनीवर खडूने रेघा मारायच्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन फूट ब्रेकर चालवायचा नाही, छिन्नी-हातोडा. प्लॉट ५ आणि ६ मध्ये असं केल्यावर काहीही फुटलं नाही.

३० मार्च

झाडांचे आळे. हे काम मूळ योजनेत नव्हतं, पण ब्रेकर भाड्याने आणलाच होता. गल्लीत कंपाउंडच्या आत सतरा मोठी झाडं आहेत. कडुनिंब, पर्जन्यवृक्ष, दोन आंबे, एक उंबर, बाकी गुलमोहर आणि नीलमोहर. बहुतेकांच्या बुंध्याला सिमेंट अगदी चिकटलेलं.

बुंध्याभोवती मीटरभर त्रिज्येची जागा मोकळी केली. ब्रेकरने बाहेरची कड फक्त कापली, आतलं सगळं हाताने काढलं. प्लॉट २ च्या कडुनिंबाची मुळं कोब्याच्या खालच्या बाजूला चिकटून आडवी पसरली होती, खाली जायला वाव नाही म्हणून. अशी मुळं तोडायची नाहीत, त्यांच्यावर पालापाचोळा आणि शेणखत घालून झाकायची. वादळात जी झाडं उन्मळतात त्यांची मुळं बघा, पुष्कळदा अशीच थाळीसारखी सपाट असतात. झाडाला दोष देऊन फांद्या छाटायला माणूस बोलावला जातो, आणि सिमेंट तसंच राहतं.

खर्च झाडामागे १,२०० ते १,८०० रुपये. या संपूर्ण कामात एवढ्या पैशात एवढा फायदा दुसऱ्या कशाचा झाला नाही. बाकी काहीच जमत नसेल तर निदान हे करा.

१७ एप्रिल

वाफ्यांची रचना खालून वर: ४५ सेंटीमीटर खडी, त्यावर ३० सेंटीमीटर माती-वाळू-खताचं मिश्रण, वर १५ सेंटीमीटर मोकळी खोली पाणी साठायला. खडीतल्या पोकळ्या सुमारे ४० टक्के धरल्या तर एका वाफ्यात खडीत १,६०० आणि वर १,३५० लिटर, म्हणजे ढोबळ तीन हजार लिटर मावतात.

प्लॉट १ आणि २ चे वाफे भरून चाचणी घेतली. पाणी हलेना. आधीच्या चाचणीत दीड तासात उतरणारं पाणी दुसऱ्या दिवशीही तळाशी दिसत होतं. एक कोपरा उकरून पाहिला. वीस मिलिमीटरची धुतलेली खडी सांगितली होती. आलेल्या गाडीत अर्धी कच होती, दगडाची भुकटी. पाण्याबरोबर ती खाली बसली आणि मुरमावर सिमेंटसारखा थर धरला. दोन्ही वाफे पूर्ण उपसावे लागले. माल बदलून मिळाला, पण मजुरी आणि वाहतूक आमच्या अंगावर, ९,००० रुपये.

खडी घेताना पाहायचं ते असं: गाडी रिकामी होण्याआधी एक घमेलं खडी बादलीभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं तर गाडी परत पाठवा. आम्ही नंतर खडी आमच्याच अंगणात जाळीवर धुऊन घेतली. शिवाय खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल या गाळणीच्या कापडाऐवजी बारीक खडीचा चार बोटांचा थर दिला. कापड स्वस्त पडतं, पण आमच्या लालसर पोयट्यातला बारीक गाळ त्यावर बसतो आणि कापडच तुंबतं. प्लॉट ४ मध्ये कापड घातलं होतं, तिथे पाणी बाकीच्यांच्या निम्म्या वेगाने उतरतंय. ते पुढच्या वर्षी काढायचं.

४ मे

लागवड. खरं तर ही जूनमध्ये करायची, पण वाळा आणि कर्दळीला आधी मूळ धरू द्यायचं होतं. रोपं उरुळी कांचनच्या नर्सरीतून आणली.

वाफ्याच्या तळाशी, जिथे पाणी साचेल आणि आठ महिने कोरडंही राहील: वाळा, कर्दळ, नागरमोथा, लिली. कडेला: अडुळसा, निर्गुडी, मेंदी. रोज पाणी घातलं तरच जगणारं काही नको. लॉनचा आग्रह दोन घरांनी धरला, त्यांना नाही सांगितलं. ज्या गावात वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत, तिथे उन्हाळ्यात लॉन जगवायला पिण्याचं पाणी ओतावं लागतं. मोकळ्या प्लॉटवर चरांच्या खालच्या बांधावर बहावा, ताम्हण, करंज, पळस, आपटा. गिरिपुष्पाची फुकट रोपं देऊ केली होती कोणी, ती घेतली नाहीत. तळजाईवर ती आधीच भरपूर झाली आहेत.

२१ मे

मे महिन्यात असा पाऊस पडेल असं कोणी धरलं नव्हतं. आमचं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर बेतलेलं होतं. प्लॉट ६ आणि ८ चे खड्डे उघडे, खडी रस्त्याच्या कडेला, पन्हळींचं काम अर्धवट. कालच्या पावसात दोन्ही उघडे खड्डे काठोकाठ भरले. त्यात वरच्या बांधकामाच्या साइटवरचा गाळ आला: वाळू, मुरूम, सिमेंटचा रेंदा. खड्ड्याच्या बाजू ढासळल्या.

पूर्ण झालेल्या चार वाफ्यांनी मात्र काम केलं. प्लॉट ५ चा वाफा पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत भरला, मग जास्तीचं पाणी ठरवलेल्या सांडव्यातून बाहेर गेलं, आणि पाऊस थांबल्यावर साडेतीन तासांत वाफा रिकामा. मी छत्री धरून समोरच उभी होते. त्या घरातले काका, जे मार्चपर्यंत सही करायला तयार नव्हते, ते दर दहा मिनिटांनी पट्टी बुडवून आकडा सांगत होते.

२७ मे

हवामान खात्याने काल मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीर केलं. उघड्या खड्ड्यांवर प्लास्टिक, कडेने वाळूच्या गोण्या. मजूर गावी गेले, पेरणीसाठी. प्लॉट ६ आणि ८ थांबले.

१५ जून

गाळाचा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. वरच्या साइटवरून पाणी प्लॉट २ आणि ४ च्या वाफ्यांत शिरत होतं, आणि महिन्याभरात वाफ्याच्या तोंडाशी बोटभर चिकट थर बसला होता.

केलं ते असं. प्रत्येक वाफ्यात पाणी शिरतं तिथे दोन फूट बाय दोन फूट, दीड फूट खोल विटांचा कोरडा कप्पा, तळाला नुसते दगड. पाणी आधी त्यात पडतं, वेग मोडतो, गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाफ्यात जातं. दर पंधरा दिवसांनी फावड्याने उपसायचा. एका कप्प्याला २,२०० रुपये. पावसाळ्यानंतर नाही, पहिल्या दिवसापासून बांधायला हवा असा हा भाग आहे. बंगल्यांच्या भागात सतत कुठेतरी पुनर्विकास चालू असतो, गाळ येतच राहणार.

साइटवरच्या इंजिनिअरशी दोनदा बोलणं झालं. तिसऱ्या वेळी प्लॉट १४ च्या काकू स्वतः आल्या, पावसाळ्यात आपल्या दिवाणखान्यात शिरलेल्या चिखलाचे फोटो घेऊन. पुढच्या आठवड्यात साइटच्या गेटवर दगडांचा उंबरठा आणि गोण्या लागल्या.

१३ जुलै

डासांची तक्रार, प्लॉट १२ च्या पन्हळीबद्दल. रास्त तक्रार. चिकण मातीतली पन्हळ, दोन ठिकाणी ढाळ उलटा गेला होता आणि बशीसारखे खळगे झाले होते. चार दिवस पाणी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे आम्ही मर्यादा ४८ तासांची ठेवली आहे: त्यापेक्षा जास्त कुठेही पाणी दिसलं तर तो दोष, आणि तो त्याच आठवड्यात दुरुस्त करायचा.

खळगे भरून पुन्हा पाणसळ लावली, सांडव्याचं तोंड दोन इंच खाली घेतलं. आता २४ तासांत कोरडी. पन्हळींच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवू नका, शंभराला एक असा ढाळ डोळ्याला दिसतच नाही. तपासणीत गल्लीभर फिरलो तेव्हा अळ्या मिळाल्या त्या दोन गच्च्यांवरच्या कुंड्यांच्या ताटल्यांत आणि एका फुटक्या टायरमध्ये. त्या घरांना त्याच दिवशी दाखवल्या.

१० ऑगस्ट

प्लॉट ६ आणि ८ पूर्ण. पावसाच्या उघडिपीत, दीडपट मजुरी देऊन. कर्दळ माणसाच्या उंचीची झाली आहे, छाटावी लागेल. वाळ्याने उत्तम मूळ धरलं. प्लॉट १ मध्ये गाड्या वळवताना वाफ्याची कड दोनदा चेपली गेली, तिथे काळ्या दगडाचे ठोकळे बसवले, पाणी जायला मध्ये वीतभर फट ठेवून.

१६ सप्टेंबर

काल जोरात पाऊस. आमच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात तासाभरात तीस मिलिमीटरच्या वर. प्लॉट १४ च्या गेटच्या खांबावर जूनमध्ये तेलरंगाने खुणा केल्या होत्या. पाणी पहिल्या खुणेपर्यंत आलं, गेटच्या आत गेलं नाही. काकूंनी फळी लावली नव्हती.

पण हिशेब सरळ मांडते. सहा वाफ्यांत मिळून १८,००० लिटर, तीन पन्हळींत चारेक हजार. मुरमातले वाफे भरतानाही पाणी खाली सोडत असतात, तासाला प्रत्येकी दीड-पावणेदोन हजार लिटर, म्हणजे आणखी दहा हजार. एकूण ३२,००० च्या आसपास. २५ मिलिमीटरच्या सरीत गल्लीचं १,०६,५०० लिटर निघतं, त्यातला साधारण तीस टक्के हिस्सा आपण थांबवतो, तोही जमीन आधीच भिजून भरलेली नसेल तर. मोकळ्या झालेल्या आळ्यांचं आणि वरच्या चरांचं पाणी यात धरलेलं नाही. २०१९ सारख्या रात्री एकटी गल्ली पुरी पडणार नाही. पाच घरं अजून बाहेर आहेत, आणि आंबिल ओढ्याला मिळणाऱ्या अशा गल्ल्या असंख्य आहेत.

२८ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा. खर्च मांडला. मुरवणीचा एक वाफा सरासरी ४२,००० रुपये (त्यात चार-पाच हजार फक्त राडारोडा उचलण्याचे, ट्रॅक्टरच्या फेऱ्या), उथळ पन्हळ १८,०००, गाळाचे कप्पे, झाडांचे आळे आणि वरचे चर वेगळे. फुटलेला पाइप, कचीची खडी आणि पावसातली दीडपट मजुरी मिळून सुमारे ३१,००० रुपये असे गेले, जे ही नोंद वाचून काम करणाऱ्याचे वाचू शकतील.

मिळकतकराबद्दल: पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत, सौरऊर्जा यांपैकी एक यंत्रणा चालू असेल तर पुणे महापालिका ५ टक्के सवलत देते, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. सहा घरांचे अर्ज भरले आहेत. सवलतीसाठी यंत्रणा चालू स्थितीत दाखवावी लागते, म्हणून खोदकामापासूनचे फोटो तारखेसह ठेवा. एकदा माती पडली की खाली काय आहे ते कोणाला दाखवता येत नाही.

सभेतला सगळ्यांत लांबलेला विषय वेगळाच निघाला. प्लॉट ५ चे काका म्हणाले, “उद्या मी बंगला बिल्डरला दिला तर या वाफ्याचं काय?” प्रश्न अचूक होता. नव्या इमारतीला नियमाप्रमाणे पुनर्भरण करावंच लागतं, राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटना ते बंधनकारक आहे. पण आमचे प्लॉट त्याहून लहान. शिवाय बेसमेंट पार्किंगसाठी समोरच्या मार्जिनपर्यंत खोदलं तर वाफा जाईल, आणि त्याच्या खालच्या घरांनी त्यासाठी पैसे दिलेले आहेत.

ठराव झाला तो असा: पुनर्विकासाला सोसायटीचं ना-हरकत पत्र देताना समोरच्या मार्जिनमधली ९ चौरस मीटर जागा खाली बांधकाम न करता मातीची ठेवायची, बांधकाम चालू असताना गेटवर गाळ अडवायची व्यवस्था करायची, आणि वाफा काढावा लागलाच तर त्याच क्षमतेचा नवा त्याच गल्लीत करून द्यायचा. देखभालीसाठी घरामागे महिन्याला १०० रुपये, वाफा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही. दोन हात विरोधात वर गेले, बाकी मंजूर.

१२ ऑक्टोबर

गाळाचे कप्पे उपसले, नऊ ठिकाणी मिळून साधारण पाव ब्रास (पंचवीस घनफूट) गाळ निघाला. तो मोकळ्या प्लॉटवर चरांच्या बांधावर टाकला. ताम्हणाची दोन रोपं गेली, बाकी उभी आहेत. प्लॉट ४ चं कापड काढायचं काम जानेवारीत. प्लॉट ३, १० आणि १३ यांनी नावं दिली आहेत. ३ मध्ये मुरूम लागेल असं वाटतंय, पण खड्डा खणल्याशिवाय कोटेशन मागवायचं नाही. १३ मध्ये काळी मातीच असणार, तिथे पन्हळ धरून चाललोय. शेजारच्या गल्लीच्या सेक्रेटरींना लेव्हल पाइप आणि पातळ्यांचा तक्ता नेऊन दिला, त्यांचा मोकळा प्लॉट खालच्या टोकाला आहे. तिथे सुरुवात त्या प्लॉटपासूनच करायची.